लेस्लीचं गाणं आणि खाजणाचा चिखल

गाणं ऐन रंगात आलं होतं आणि मेलं बंद पडलं!

मी सात नंबरच्या बंगल्याच्या कुंपणाशी मासळीची पाटी टेकून उभी होते. आत मॅडमच्या गाण्याच्या तबकडीवर माझा तो आवडता गाणारा गात होता. एका जागी तो आवाज उचलून वर न्यायचा... अगदी वर... माझा जीव रोज तिथंच टांगलेला असायचा. नेमकं तिथंच त्याचा आवाज मंदावला, जाडा झाला, रेड्यासारखा घोगरा झाला आणि गप्प. वर बघते तर विजेच्या खांबावर एक माणूस, कमरेला पट्टा, हातात पकड.

"ए खांबावरल्या! तू बंद केलंस काय रे ते?"

"लाइन बंद केली, बाई. काम चाललंय."

"मागाहून नाय करता आली? गाणं संपेपर्यंत तुझा खांब काय पळून जात होता?"

तो वरून हसला. दात पांढरेशुभ्र, बाकी सगळा घामानं न्हालेला. "वीस मिनिटांत जोडून देतो. थांबायलीस का?"

थांबायलीस! असं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"माझं पापलेट थांबत नाय रे बाबा, ऊन चढतं."

असं म्हटलं खरं, पण थांबले. पाटीवर ओला फडका टाकला आणि सुरूच्या झाडाच्या सावलीत बसले. पंधराव्या मिनिटाला तो खाली उतरला, पेटीतला खटका वर केला, आणि काय सांगू... तबकडी जिथं थांबली होती तिथूनच उठली. आधी घोगरं, मग जाडं, मग हळूहळू त्याचा तो खरा आवाज, आणि गेला की सरळ वर! मी डोळे मिटून घेतले. उघडले तर हा बाबा खिडकीकडं नाय, माझ्याकडं बघत होता.

"काय बघतोस? मासळी घ्यायची हाय काय?"

"नाही... मला मासळी खाता येत नाही. काट्याची भीती वाटते."

आमच्या घिवलीत असं कोणी बोललं असतं तर पोरांनी गावभर वरात काढली असती. मी हसत सुटले ती कॉलनीच्या फाटकापर्यंत हसतच गेले.

ही सदुसष्ट सालची गोष्ट. पाऊस सरला होता, होड्या पाण्यात गेल्या होत्या. तारापूरला विजेच्या कारखान्याचं भलं मोठं काम चाललं होतं. देशोदेशीची माणसं येऊन राहिली होती, त्यात गोरे साहेबही होते. मी जमना, एकोणीस वर्षांची, तोंडाची फटकळ. माझ्या बापसाची होडी होती. त्यानं आणलेली चांगली मासळी मी साहेबांच्या कॉलनीत नेऊन विकायची. मला सकाळचा पास होता, दहा वाजेपर्यंतचा. दहाला शिपाई फाटकाबाहेर काढायचा म्हणजे काढायचाच.

खांबावरला तो मारुती. परभणीकडचा, वायरमन. नागोराव नावाचे मिस्त्री होते, त्यांनी गावाकडून त्याला कामावर आणलेलं. ठेकेदाराचं काम मार्चपर्यंत, मग जिथं पाठवतील तिथं, नायतर परत गावाला. हे त्यानं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, मी विचारलं नसताना.

तिसऱ्या दिवशी मी त्याला रस्त्यावरल्या मोरीच्या कठड्यावर बसवला आणि फडक्यातून तळलेली मांदेली काढली.

"ही काट्यासकट चावायची. घाबरू नको, मी हाय."

त्यानं डोळे गच्च मिटून एक तोंडात टाकली. मग एक डोळा उघडला. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली... माझ्या वाट्याला शेपट्या उरल्या.

"लई ग्वाड लागली की!"

"मांदेली गोड कुठं असते, वेड्या?"

"तू दिल्यावर असते."

माझे कान तापले. मी पाटी उचलली आणि चालू पडले. घरी पोचल्यावर बघते तर चार पापलेटं विकायची राहूनच गेली होती. आयसनं माझ्या सात पिढ्या काढल्या.

त्या गाणाऱ्याचं नाव काय, तो कुठला, मला काय ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, विलायतेचा असेल. मारुतीनं ते शोधून काढलं. पंखा तपासायच्या निमित्तानं सात नंबरात शिरला आणि तबकडीच्या पाकिटावरचं एकेक अक्षर लावून आला. वाण्याचा मुनीम हिशेब सांगतो तसा गंभीर तोंडानं म्हणाला, "लेस्ली नाव हाय त्याचं. वांद्र्याचा हाय."

"वांद्र्याचा? मुंबईतल्या वांद्र्याचा?" मी मटकन खालीच बसले. "अरे, माझी मावशी दिलीय तिकडं! म्हणजे मी त्याला... बघू शकते?"

"कामून नाही?"

त्या दिवसापासून माझं एकच पालुपद. मला लेस्लीला गाताना बघायचंय. एकदा. नुसतं तबकडीवर नाय, समोर. तो आवाज वर नेतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते बघायचंय. मैत्रीण हंसा म्हणायची, हिला खूळ लागलं. आयस म्हणायची, उन्हाळ्यात हिला उजवून टाकू. मी म्हणायचे, टाका, पण आधी लेस्ली.

आणि बघा नशीब! जानेवारीत मारुती धापा टाकत मोरीवर आला. डोक्यावरचं लोखंडी टोपडंसुद्धा काढलं नव्हतं.

"येतोय! तुझा लेस्ली येतोय! पुढच्या रविवारी, चार वाजता, कॉलनीच्या मैदानात. चार पोरं, गिटारी, ढोल, सगळं. गाऊन झालं की संध्याकाळच्या गाडीनं बोईसरहून परत."

मी त्याचा हात धरला. धरला तो धरलाच. मग दोघांच्याही ध्यानात आलं आणि आमी दोघंही समुद्राकडं बघायला लागलो, जसा काय तिथं मोठा तमाशा चाललाय.

"पण मी आत कशी येणार? माझा पास सकाळचा."

"कामावरच्या माणसाला घरच्या एकाला आणता येतंय. फारम भरायचा. मी भरतो तुझ्यासाठी." त्यानं छातीवर हात ठेवला. "तू लेस्लीला बघशील, जमना. शब्द देतो."

रविवारी मी काय नटले होते! हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, आयसची कर्णफुलं... मागून घेतली नव्हती, नुसती घेतली होती. हंसा सोबतीला. फाटकाशी ही गर्दी. कारकुनांच्या बायका, मिस्त्र्यांची पोरं, गोऱ्या मॅडमा. शिपायानं यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली.

"तुझं नाव नाय."

"नीट बघ. मारुती वायरमनच्या नावापुढं."

"मारुतीच्या नावापुढं रेघ मारलीय. फारम अर्धा होता. सरक बाजूला."

मी सरकले नाय. तिथंच उभी राहून अशी ओरडले की मारुतीला मैदानातून पळत यावं लागलं. खांद्यावर वायरचं भेंडोळं, चेहरा उतरलेला. त्याला कालच कळलं होतं आणि मला सांगायचं धाडस झालं नव्हतं.

"काय राहिलं फारमात?" मी विचारलं.

"एक रकाना."

"कसला?"

"नातं काय, असा रकाना होता."

"मग? बहीण लिहायचं! मावसबहीण, चुलतबहीण, कायपण! सगळे लिहितात! तो भंडारातला कारकून सासूला आई लिहून घेऊन आलाय!"

त्यानं वायरचं भेंडोळं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. गर्दी दोन्हीकडून जात होती, कोणी धक्के मारत होतं.

"बहीण..." तो म्हणाला, "बहीण नाही लिहवलं गं. दोनदा पेन टेकवला. हात चालंना."

मला रडू आलं. रागानं आलं की कशानं, ते तेव्हा कळलं नाय. "हात चालंना! आणि माझा लेस्ली? तो काय परत येणार हाय? तुझ्या एका रकान्यापायी... जा! जा तू, तोंड नको दाखवू!"

तो गेला. मी हंसाला ओढत कुंपणाच्या कडेनं मैदानामागं आले. तिथं तारेचं कुंपण, पलीकडं स्टेजची पाठ. पडदा, बांबू, लाकडी पेट्या. पुढचं काय दिसत नव्हतं. अलीकडं आमचं खाजण, भरतीचं पाणी येऊन जातं ती काळ्या चिखलाची पट्टी, आणि थोड्या अंतरावर आमच्याच बायका मासळी खारवत बसलेल्या. मी तार धरून उभी राहिले. नाय दिसला तर नाय दिसला, ऐकू तरी येईल.

चार वाजले. ढोल वाजला, गिटार झणझणली, माझ्या अंगावर काटा आला. लेस्लीनं पहिला शब्द उचलला आणि... "आई गं!"

गाणं थांबलं. मग कर्ण्यातून नुसती गुणगुण, म्हशीवर घोंगावणाऱ्या माश्यांसारखी. आणि लेस्लीचा आवाज, मुंबईच्या हिंदीत, "करंट मारता है, मॅन! ओठ जल गया! मैं नहीं गायेगा!"

पुढं गलका. स्टेजमागं धावाधाव. नागोराव मिस्त्री धोतर सावरत आले आणि मारुतीवर तुटून पडले, "अर्थिंग कुणी केली? तूच केलीस न्हवं? आता साहेबाला काय सांगू? उद्या गाठोडं बांध तुझं!"

मारुती बिचारा एका खड्ड्यापाशी बसला होता. चुकार वीज जमिनीत उतरवायचा अर्थिंगचा खड्डा तो, आत लोखंडी नळ, भोवती कोळसा आणि मीठ. तो घागरीनं पाणी ओतत होता. ओतलं की पाणी गडप. परत ओतलं, परत गडप.

"आमच्याकडं एक घागर ओतली की आठ दिवस ओल राहती," तो मिस्त्र्यांना सांगत होता. "हितं काय व्हायलंय कळंना..."

मला सगळं कळलं. काळ्या मातीतला माणूस! त्यानं गावाकडच्यासारखा खड्डा खणला आणि नेमका रेतीच्या उंचवट्यावर खणला. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तिथं पाणी ठरतं काय? त्याच्यावर मी रागावलेले होते, जाम रागावलेले होते. पण मिस्त्री त्याला गाठोडं बांध म्हणाले तशी मी तारेला जाऊन भिडले.

"ए मारुती!" मी तारेतून ओरडले. "रेती हाय ती! समुद्र ओतलास तरी पिऊन टाकील! चिखल घाल, खाजणाचा चिखल! तो खारा हाय आणि ओल सोडत नाय!"

मारुतीनं वर बघितलं. नागोरावांनी बघितलं. मिस्त्री माणूस हुशार होता. एका दमात म्हणाले, "बरोबर बोलती पोरगी. बाई, आणशील का चिखल?"

"मला आत घ्याल काय?"

"आगं, डोक्यावर घेऊन नाचतो! आण आधी!"

मी लुगडं खोचलं. हिरवं लुगडं, आयसची कर्णफुलं, सगळं घेऊन खाजणात मांडीपर्यंत शिरले. हंसानं शिव्या दिल्या, पण तीपण शिरली. बायकांच्या पाट्या घेतल्या, त्यांच्या खारवणाच्या पिंपातलं पाणी घेतलं. त्या पाण्याला वास असा की मांजरं गावातून धावत यावीत. मारुतीनं मेन बंद केला, तारेचं कुंपण वर उचलून धरलं, आणि मी चिखलाची पाटी घेऊन त्याच्या हाताखालून वाकून मैदानात शिरले.

त्यानं आधीचा कोळसा उपसला, चिखल थापला, नळाभोवती दाबला. मीपण दाबला. चार हात एकाच खड्ड्यात, कोपरापर्यंत काळे. वरून खारवणाचं पाणी. या खेपेला पाणी गडप झालं नाय, वर साचून राहिलं.

"राहिलं!" तो म्हणाला.

"राहणारच," मी म्हटलं.

त्यानं खटका वर केला. गुणगुण नाय. नागोरावांनी माईक ठोकला, आधी बोटानं, मग देवाचं नाव घेऊन ओठानं. काय नाय! तेवढ्यात पडदा सरकला आणि स्टेजच्या मागच्या पायरीवरून लेस्ली खाली उतरला. खरा लेस्ली. चमकीचं जाकीट, कपाळावर केसांची झुलपं. उंचीनं माझ्याएवढाच.

त्यानं नाक वर केलं. "ये खुशबू किधर से आती है?"

मी चिखलानं माखलेली, पदरानं तोंड पुसायला लागले. मारुतीच म्हणाला, "अर्थिंग का है, साब. मछली का पानी डाला."

लेस्ली हसला. "बोंबील! मेरा घर जैसा लगता है, मॅन!" आणि उड्या मारत वर गेला.

मग सुरू झालं! पुढं माणसं शिट्ट्या मारायला लागली, ढोल छातीत वाजत होता. पण वरच्या उन्हानं चिखल वाळायला बघत होता. दर गाण्याला खड्ड्यात पाणी घालायला एक माणूस हवा आणि वीस पावलांवर विजेच्या खटक्यांच्या फळ्यापाशी, परत झटका बसला तर लगेच बंद करायला खटक्यावर हात ठेवून, दुसरा. नागोराव पुढं साहेबांची समजूत घालत होते, हंसा माणसांत घुसून कधीच पसार झाली होती. राहिलो आमी दोघं. तो फळ्यापाशी, मी खड्ड्यापाशी. मी तांब्या वर केला की तो मान हलवायचा, तो बोट दाखवायचा की मी ओतायचे. लेस्लीची मला फक्त पाठ दिसत होती, तीही पडद्याच्या फटीतून.

शेवटचं गाणं आलं. तेच. पहिल्या झणकाऱ्यालाच मी ओळखलं. मारुतीनंही ओळखलं. फळा सोडून तो धावत आला आणि माझ्या हातातून तांब्या घेतला.

"जा. पुढं जा."

"आणि फळा?"

"दोन्ही बघतो मी, पळत पळत. जा म्हणतो ना! शब्द दिलाय तुला."

मी गेले. स्टेजच्या कडेला बांबू धरून उभी राहिले. आणि बघितलं. अगदी समोरून, सहा हातांवरून. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, डोळे मिटलेले. आणि ती जागा आली. त्यानं मान मागं टाकली, गळ्याची शीर ताठ झाली, आणि आवाज वर... वर... खिडकीखाली उभं राहून ऐकलेल्याहून कितीतरी वर. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. देवा, इतकं सुख!

"मारुती, बघितलंस काय रे?" असं म्हणत मी बाजूला वळले.

बाजूला कोणी नव्हतं. एक जाडा कारकून होता, तो चण्याची पुडी संपवत होता.

तो तिकडं खड्ड्यापासून फळ्यापर्यंत आणि फळ्यापासून खड्ड्यापर्यंत पळत होता, मला माहीत होतं. आणि मला एकदम ते सुख एकटीला झेपेना. अजून अर्धं गाणं बाकी होतं. अर्धं! मी लुगड्याच्या निऱ्या धरल्या आणि पळत मागं आले.

"आगं, संपलं का?"

"नाय."

"मग आलीस कामून? दिसंना का?"

"दिसला. झकास दिसला." मी तांब्या हिसकावून घेतला. "तू जा तुझ्या फळ्यापाशी. मी ओतते."

तो गेला नाय. गाणं आमच्या डोक्यावरून चाललं होतं. मी ओतत होते, तो बघत होता.

"मारुती, तो काय म्हणतोय रे?"

"मला कुठं इंग्रजी येतंय?"

"अक्षरं लावता येतात ना? मग सांग. काय म्हणत असेल?"

त्यानं कान दिला. बराच वेळ दिला. कपाळाला आठ्या घालून, परीक्षेला बसल्यासारखा.

"म्हणतोय... मार्चला काम संपलं तरी मी परत जाणार न्हाई."

माझा तांब्या हातातच राहिला. "असं म्हणतोय?"

"व्हय. साफ ऐकू आलं. म्हणतोय, हितंच कुठं तारा ओढीन, खांबावर चढीन... काटे काढून मासळी खाईन."

"काट्यांचं पण हाय काय गाण्यात?"

"हाय ना. दुसऱ्या कडव्यात."

"आणि आता? आता काय म्हणाला, एवढं ओरडून?"

तो लालबुंद झाला. चिखलाच्या हातानं कपाळ पुसलं, सगळं काळं करून घेतलं. "आता... आता म्हणतोय, तिच्या बापाला विचारायला कधी येऊ?"

पुढं टाळ्यांचा पाऊस पडत होता. शिट्ट्या, आरोळ्या. लेस्ली काहीतरी बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं.

"बापूस उद्या होडीवर जाईल," मी म्हटलं. "परवा घरी हाय. सकाळी ये. आणि हात धुवून ये."

बापूस आधी तापला, परक्या मुलखातला, परक्या जातीचा म्हणाला. दोन महिने घरात कोणी कोणाशी धड बोललं नाय. नागोराव मिस्त्री चार वेळा येऊन ओसरीवर बसले, चहा पिऊन गेले. होळीला बापूस म्हणाला, मांदेली चावून खातो काय ते बघतो. बघितलं, आणि वैशाखात लग्न लावून दिलं. मारुतीला बोईसरला दुसऱ्या ठेकेदाराकडं काम मिळालं, तिथंच खोली घेतली. पुढं कधी त्याच गाण्याची एक जुनी तबकडी मिळाली, ती त्यानं माझ्यासाठी आणली. वाजवायला यंत्र नव्हतं, नुसती भिंतीवर लावून ठेवली होती.

आमची मुलगी पालघरच्या कॉलेजात इंग्रजी शिकली. मैत्रिणीकडून यंत्र आणलं, ती तबकडी वाजवली, कान देऊन ऐकली आणि पोट धरून हसायला लागली.

"आई, हे गाणं मोटारीवर आहे! त्याची जुनी मोटार सुरू होत नाही म्हणून तो रडतोय. धक्का मारा, धक्का मारा, असं म्हणतोय शेवटी!"

मारुती पेपरच्या आड तोंड लपवून बसला होता. कान मात्र लाल झाले होते.

"गप बस गं," मी तिला म्हटलं. "तुझ्या बापाला तुझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं."